ट्राइलोच्या आत्म्यासाठी दिलेलं कार्ड

आमच्या तिमोक नदीच्या खोऱ्यात घरं राहण्यासाठी बांधत नाहीत, शेजाऱ्याची झोप उडावी म्हणून बांधतात. व्हिएन्नात फरशा पुसून, रस्ते खणून, परक्या म्हाताऱ्यांची अंगं धुऊन जे जमतं ते सगळं इथे येतं आणि त्याचे मजले होतात. मजल्यावर मजला, मजल्यावर गच्ची, गच्चीला खांब आणि फाटकावर संगमरवरी सिंह. वरच्या नळांना पाण्याची चव अजून ठाऊक नसते. अंगणाच्या कोपऱ्यात एका खोलीचं उन्हाळी स्वयंपाकघर असतं, धुरकट, बुटकं. त्या महालाचे आईबाप त्यातच राहतात आणि अधूनमधून सिंहांची आयाळ फडक्याने पुसतात.

दोकियाच्या फाटकावर सिंह नव्हते. "आमच्याकडे कुत्रा आहे," ती म्हणायची. "तो निदान भुंकतो."

तिच्या जिभेला गाव टरकून असायचं. जन्मभर ती पोस्टातल्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसली होती, खोऱ्यातले सगळे आवाज तिच्या हातून गेले होते. कोण कोणाशी गोड बोलतं आणि कोण कोणाला काय समजतं, सगळं तिला ठाऊक. पण कधी कुणाचं गुपित तिने बाहेर नेलं नाही. वायर खुपसायची, आवाजाला आवाज जोडायचा आणि हात काढून घ्यायचा, मध्ये नाक खुपसायचं नाही, हा तिचा धर्म. तोंडावर मात्र ती कोणाला सोडायची नाही.

तिचा नवरा पौन खोऱ्यातला व्हिडिओवाला. लग्न असो, बारसं असो, मेलेल्याच्या नावाने मांडलेलं जेवण असो, पौन खांद्यावर कॅमेरा घेऊन हजर, आणि मागे वायरचं वेटोळं धरून दोकिया. त्याने साऱ्या खोऱ्याला पडद्यावर आणलं, स्वतः मात्र एकाही चित्रात आला नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस कसा येणार? त्याचा आवाज तेवढा आला. "नवरीच्या मामा, जरा सरका, तुमच्या पोटाआड नवरी मावळली." "रडायचं तर इकडे तोंड करून रडा, पाठीचं रडणं कोण बघणार." आणि दर लग्नात, दर जेवणात, खालच्या सुरात, फक्त एकीसाठी: "दोकिया, वायर धर."

पौन गेला आणि घरात तेवढा आवाज उरला. कॅसेटी तळघरात बुरसल्या होत्या, पण त्या बुरसायच्या आधी नवराबायकोने मिळून सगळं डिस्कांवर उतरवून घेतलं होतं. त्या डिस्का बुटांच्या खोक्यांत, कपाटात, कपड्यांखाली. दोकिया दुपारी एखादी काढायची, संगणकाला जोडायची आणि भाजी निवडत ऐकायची. चित्राकडे बघायचीही नाही. लग्नं कुणाची ते तिला काय करायचंय? त्यातली निम्मी मोडली होती.

एक दिवस एक डिस्क टिकटिकायला लागली. खिडकीच्या काचेवर पाखराने चोच मारावी तशी, थांबून थांबून. माणूस एकदा मेला ते झालं, आता तो तुकड्यातुकड्याने पुन्हा मरणार की काय, असं दोकियाला झालं. त्या दिवशी तिने ठरवलं, सगळ्या डिस्का एका पेटीत, एका छताखाली घालायच्या. अशा की एक मेली तर बाकीच्यांनी मिळून तिचं सांगणं सांगावं.

अशी पेटी घरी बांधता येते हे तिला इंटरनेटवरच्या एका कट्ट्यावर कळलं. तिथे घरच्या घरी सर्व्हर बांधणारे लोक जमतात आणि एकमेकांना मूर्ख म्हणतात. पहिल्याच दिवशी तिला आपल्या माहेरी आल्यासारखं वाटलं.

त्या कट्ट्यावर ग्वोझ्देन नावाचा एक होता. कुठला, काय करतो, कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांना उत्तरं द्यायचा आणि प्रत्येक उत्तर विचारणाऱ्याच्या डोक्यात टपली मारल्यासारखं. दोकियाने त्याला आपला बेत सांगितला. बंद पडलेल्या सहकारी संस्थेचा जुना संगणक मिळालाय, पण त्याच्या बोर्डावर एवढ्या डिस्का जोडायला भोकंच नाहीत.

"मग मध्ये एक कंट्रोलर कार्ड लागेल," त्याने लिहिलं. "डिस्का कार्डाला, कार्ड बोर्डाला. पण आधी ठरवा, बाई. तुम्हाला दारवान हवाय की मालक?"

"दोन्ही मेले. मला आता कोणी नकोय. नीट सांग."

"काही कार्डं हुशार असतात. डिस्का ताब्यात घेतात, त्यांच्यावर आपल्या खुणा करतात, आणि आत काय चाललंय ते तुमच्या प्रोग्रामला आपल्या मनाने सांगतात. डिस्क आजारी असली तरी म्हणतात, सगळं छान आहे. ते कार्ड मेलं की त्याच्याच जातीचं दुसरं शोधत फिरा, नाहीतर डिस्का कुणालाच वाचता येत नाहीत. तुमचा प्रोग्राम डिस्कांची निगा स्वतः राखणारा आहे. त्याला डिस्क उघडी हवी. म्हणून मुकाट कार्ड घ्या. जोडेल आणि गप्प बसेल असं."

दोकियाला हे एका वाचनात कळलं. एक्स्चेंजवर तिच्याशेजारी एक लेपोसावा बसायची. ती प्रत्येक फोनमध्ये घुसायची, इकडचं तिकडे सांगताना आपलं मीठमसाला घालायची. हुशार कार्ड म्हणजे लेपोसावा, तिने मनात नोंद केली, आणि लेपोसावाला ती घरात घेणार नव्हती.

मग कोणतं मुकाट कार्ड तिच्या जुन्या बोर्डाला चालेल यावर ग्वोझ्देनने तिचा जीव खाल्ला. बोर्डाचं नाव काय, खाच कोणती, डिस्का कोणत्या. तिनेही त्याचा खाल्ला. शेवटी पलीकडे रोमानियात एका भंगारवाल्याकडे, कुठल्याशा बँकेच्या मोडलेल्या सर्व्हरमधून काढलेलं एक कार्ड मिळालं. "नवं बघू नका," ग्वोझ्देन म्हणाला होता. "नव्याच्या नावाखाली नकला विकतात. जुनं घ्या, ज्याने काम केलंय ते. आणि तुमचा बोर्ड त्याला बघून रुसेल, सुरूच होणार नाही. कार्डाच्या खाचेत शिरणाऱ्या सोनेरी दातांतल्या दोन दातांवर चिकटपट्टी लावा."

"दातांना पट्टी?"

"रुसलेल्यांना समजवायची तीच रीत. कोणते दोन ते चित्रात बघा, तिसऱ्याला लावलीत तर मला लिहू नका."

तिने लावली. कात्रीने भातुकलीतल्यासारखी इवलीशी पट्टी कापली, चष्मा दोनदा पुसला, श्वास धरला. बोर्ड उठला. डिस्का एकामागून एक पडद्यावर आल्या, आपापल्या खऱ्या नावांनी, आपापल्या खऱ्या वयाच्या. टिकटिकणारीही आली, आणि प्रोग्रामने लगेच सांगितलं, ही फार दिवस काढणार नाही. दोकियाला बरं वाटलं. वाईट बातमी का होईना, मधल्या कुणी गोड करून सांगितली नव्हती. टिकटिकणारीवरचं सगळं तिने चांगल्या डिस्कांवर उतरवून घेतलं, आणि काही दिवसांनी ती बिचारी आपली आपण गप्प झाली.

इथवर सगळं ठीक होतं. मग ईस्टर आला, आणि व्हिएन्नाहून ट्राइलो आला.

ट्राइलो म्हणजे पौन-दोकियाचा कूम. लग्नात नवऱ्याशेजारी उभा राहिलेला, त्यांच्या लेकीला नाव दिलेला. भावाशी आमच्याकडे लोक बांधावरून कोर्टात भांडतात, कूमशी कोणी भांडत नाही. कूमने दिलेलं नाकारत नाहीत आणि कूमला नाही म्हणत नाहीत. ट्राइलोच्या घराला गावातले सगळ्यात मोठे सिंह, शिवाय आत लिफ्ट. तिच्यातून आजवर एकदा पिठाची पोती वर गेली होती, ती खाली आणताना लिफ्ट अडकली, आणि पोती अजून वरच आहेत.

आता ट्राइलोला स्वतःची पोमाना मांडायची होती, जिवंतपणीच.

पोमाना मेलेल्यासाठी मांडतात. मेलेल्याच्या नावाने जे जिवंताच्या हाती द्याल ते त्याला तिकडे पोचतं. जोडे दिले तर तिकडे पाय झाकतात, रजई दिली तर तिकडची थंडी सरते, दिवा दिला तर तिकडची वाट दिसते. घेणाऱ्याने "बोगदाप्रोस्ते", म्हणजे देव त्याला क्षमा करो, म्हणायचं, की झालं, पोचलं. मात्र घेतलेलं वापरायचं. फडताळात ठेवलं तर तिकडेही ते फडताळातच राहतं. पण ज्यांचा मुलांवर भरवसा नाही ते आपली पोमाना आपणच आधी उरकून घेतात, आणि ट्राइलोचा आपल्या मुलांवर काडीचा भरवसा नव्हता. त्यांना आपल्या बापाची भाषाही येत नाही, तर ते बापाला जोडे काय पोचवणार? म्हणून एक जेवण ईस्टरनंतर, एक ऑगस्टमध्ये, असं त्याने मांडायचं ठरवलं.

तर त्या पहिल्या जेवणाला मांडव उभा राहिला. ट्राइलो काळ्या सुटात, टेबलाच्या टोकाला, आपल्याच जागेवर आपण मेल्यासारखा गंभीर बसला. त्याच्या मापाच्या एका शेजाऱ्याला जोडे मिळाले, एकाला गादी, एकाला दाढीचं विजेचं यंत्र, एकाला बिलं आधीच भरलेला फोन. मग त्याने हाक मारली, "दोकिया, ये पुढे."

तिच्या एका हातात मेणबत्ती दिली. दुसऱ्या हातात एक खोकं, काळं, चकचकीत, वर वीज चमकल्याचं चित्र.

"ऐकलं, तू पौनच्या फिल्मांसाठी मशीन बांधतेयस," ट्राइलो साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला. "तसल्या भंगारातल्या कार्डावर माझ्या कूमचं मशीन चालणार? हे घे. दुकानातलं सगळ्यात वरचं आहे. ह्याला स्वतःची मेमरी आहे, स्वतःची बॅटरी आहे, स्वतःचा मेंदू आहे. हे माझ्या आत्म्यासाठी. माझंही आयुष्य तिकडे कशावर तरी ठेवावं लागेल ना."

दोकियाने खोक्यावरचं वाचलं. लेपोसावा होती, नखशिखांत. पण मेणबत्तीचं मेण तिच्या बोटांवर गळत होतं, बायका बघत होत्या, बँडवाले थांबले होते, आणि कूम हात पुढे करून उभा होता.

"बोगदाप्रोस्ते," ती म्हणाली.

घरी येऊन तिने ते खोकं टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे नासक्या दुधाकडे बघावं तसं बघत बसली. मग ग्वोझ्देनला लिहिलं.

"ते तुमच्या शत्रूला द्या," त्याचं उत्तर आलं.

"कूमने दिलंय. आत्म्यासाठी."

"कार्डाला आत्मा?"

"कूमला. तू आमच्याकडचा दिसत नाहीस. वापरलं नाही तर त्याला तिकडे मिळणार नाही."

"मग नको मिळायला. तिकडे तरी डिस्का सुखाने जगतील."

पण दोकियाचा धीर होईना. जिभेने ती साऱ्या गावाचे सिंह सोलायची, पण बोगदाप्रोस्ते म्हटलेलं माघारी घ्यायचं म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक होतं. शेवटी तिने एक युक्ती काढली, आणि ही युक्ती फक्त आमच्याच खोऱ्यातल्या माणसाला सुचली असती. पेटीत मुकाट कार्डाशेजारची खाच रिकामी होती. तिने ट्राइलोचं कार्ड तिथे बसवलं. डिस्का सगळ्या मुकाट कार्डालाच. ट्राइलोच्या कार्डाला एकही वायर नाही. पण वीज चालू, त्याचे हिरवे-निळे दिवे लुकलुकताहेत, बॅटरी भरतेय, मेंदू विचार करतोय. वापरात आहे, असं कोणीही म्हणावं.

मग पेटी ठेवली होती त्या कोठीत ती सारखीसारखी जाऊन बघायची. दिवे छान दिसायचे हे तिला कबूल करावं लागलं.

ट्राइलोचा व्हिएन्नाहून फोन यायचा. "दोकिया, चालतंय ना माझं?"

"दिवे लागलेत, कूम."

"जोरदार दिसतं ना?"

"दिसायला जोरदारच आहे."

"बघ. आणि तू भंगार घेऊन बसली होतीस. कोणी आलं तर झाकण उघडून दाखव."

"दाखवते ना. कालच पोस्टमनला दाखवलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, लिफ्ट आहे का ह्यात."

तिकडे ट्राइलो हसला. त्याला वाटलं, स्तुती आहे.

जुलै आला. तिमोकचं पाणी दगडांत शिरलं, द्राक्षांची पानं दुपारी हात जोडल्यासारखी मिटायला लागली, कुत्रा सिंह नसलेल्या फाटकाच्या सावलीत जीभ काढून पडला. एका दुपारी दोकिया मिरच्या भाजत पौनला ऐकत होती. पौन कोणाला तरी म्हणत होता, "सासूबाई, केक कापा, नजरेने चिरू नका," आणि त्याचा आवाज फाटला. तुटला. पडदा काळा झाला.

डिस्का गायब. आधी एक, मग दोन, मग सगळ्याच. तिने बंद करून चालू केलं, त्या परत आल्या. संध्याकाळी पुन्हा गेल्या. प्रोग्राम सांगू लागला, वाचलेलं चुकीचं आहे, लिहिलेलं चुकीचं आहे, हे जुळत नाही, ते जुळत नाही. आयुष्यभर कोणाच्या फोनची ओळ तिने तुटू दिली नव्हती, आणि आता तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या स्वतःच्या माणसाची ओळ तुटत होती.

दोकियाने शिव्यांची पोतडी उघडली. रोमानियातल्या भंगारवाल्याला दिल्या, वीज कंपनीला दिल्या, वायरी बनवणाऱ्याला दिल्या आणि मग ग्वोझ्देनला लिहिलं, "तुझं मुकाट कार्ड कामचुकार निघालं. तू आणि ते बँकेतून एकदमच हाकलले गेलात का?"

"हात लावून बघा त्याला," ग्वोझ्देनने लिहिलं.

तिने पेटी उघडली, मुकाट कार्डाच्या कपाळावर बोट ठेवलं आणि झटक्यात काढलं. चुलीवरच्या तव्यासारखं होतं.

"भाजलं," तिने लिहिलं.

"असं तापायला नको. ही कार्डं बँकेच्या थंड खोलीत वाढलेली, त्यांना वारा लागतो. पण तुमची कोठी गार आहे म्हणालात. शेजारच्या खाचेत काही आहे का?"

दोकियाने उघड्या पेटीतल्या हिरव्या-निळ्या दिव्यांकडे बघितलं. मग लिहिलं.

"कूमचं कार्ड."

"वापरात?"

"नाही. दिवे लावून ठेवलंय."

"दिवे लावून." आणि मग पुन्हा, "कशासाठी?"

"दिसायला."

ग्वोझ्देनचं उत्तर आलं ते नेहमीपेक्षा हळू आवाजात होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. "बाई, त्या हुशार कार्डाचा मेंदू बिनकामाचाही तापतो. तुम्ही कामाच्या माणसाला धगीला बसवलंत, त्याच्याकडे जाणारा वारा शोभेच्या माणसाने अडवला, आणि तो घेरी येऊन पडला तर तुम्ही त्यालाच शिव्या देताय. मी इथे खूप मूर्ख बघितले. पण निदान ते आपलं मशीन स्वतःच्या डोक्याने बिघडवतात. तुम्ही शेजाऱ्यांच्या डोक्याने बिघडवलंत."

दोकियाला कोणी असं बोललं नव्हतं. ती खिडकीत जाऊन उभी राहिली. समोर ट्राइलोचं घर, रिकामं, संध्याकाळच्या उन्हात सोन्याचं झालेलं, वरच्या गच्चीला खांब, खांबांना फुलं कोरलेली. त्या घराला तिने जेवढी नावं ठेवली होती ती सगळी तिला आठवली, आणि त्यातलं एकही आता उच्चारता येईना. सिंह तिनेही घेतला होता. फाटकावर बसवायची लाज वाटली म्हणून पेटीत बसवला, एवढाच काय तो फरक.

तिने ट्राइलोचं कार्ड उपटून काढलं. दिवे विझले. मग प्रोग्रामला सांगितलं, सगळं पुन्हा वाच, पहिल्यापासून, एकेक घास. तो वाचत राहिला. बहुतेक सगळं डिस्कांनी एकमेकींना विचारून सावरलं. एक म्हणायची, माझ्याकडचं पुसलं गेलंय, दुसरी म्हणायची, थांब, मला आठवतंय. पण कार्ड भोवळ येऊन भलतंच लिहीत होतं त्या वेळचं काही कुणालाच आठवेना. ते गेलं. त्यात धान्याच्या कोठारात झालेलं व्होइकाचं लग्न होतं. त्या लग्नात बकऱ्याने नवरदेवाची टोपी खाल्ली होती आणि कॅमेऱ्यामागे पौन हसला होता. तो दुसऱ्यांना हसवायचा, स्वतः फारसा हसायचा नाही. कॅमेरा हलतो म्हणायचा. त्या एका लग्नात कॅमेरा हलला होता, चित्र बराच वेळ थरथरत होतं, आणि त्या थरथरीत तो होता. ज्या डिस्कवरून हे उतरवलं ती तर आधीच कायमची गप्प झाली होती.

दोकिया रडली नाही. तिने कार्ड एका स्वच्छ टॉवेलात गुंडाळलं आणि ऑगस्टची वाट बघितली.

ऑगस्टमध्ये व्हिएन्नाच्या गाड्या गावात शिरल्या, चकचकीत, धुळीवर चिडलेल्या. ट्राइलोचा दुसरा मांडव उभा राहिला. उकडलेल्या गव्हाचं ताट, मेणबत्त्या, गरम ब्रेड, रकियाच्या, घरच्या फळांच्या दारूच्या, बाटल्या. प्रत्येकजण पिण्याआधी थेंबभर जमिनीवर सांडत होता, तिकडच्यांसाठी. ट्राइलो काळ्या सुटात घामाने निथळत टेबलाच्या टोकाला, मागे त्याच्यासाठीच आणलेला एक उंच उभा पंखा मान हलवत होता. दोकिया सरळ त्याच्यासमोर गेली आणि टॉवेलातलं कार्ड गव्हाच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे तुमचं, कूम."

ट्राइलोने टॉवेल उचलून बघितलं. "हे काय? बिघडलं?"

"बिघडत नाही ते. बिघडवतं."

"दोकिया, पोमानाचं परत करत नाहीत."

"मला ठाऊक आहे."

"मग माझ्या आत्म्याचं काय? तिकडे मी कशावर—"

"तिकडे जे असेल त्याच्याशेजारी तुम्ही हे ठेवाल, आणि ते जळेल. माझ्या पौनचं जळलं, कूम. तुमचं कार्ड मी जोडलंच नव्हतं. नुसते दिवे लावून ठेवलं होतं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. खोटं मी बोलले. ते माझं. पण कार्ड तुमचं."

बँडवाल्याने तोंडाला लावलेली तुतारी हळूच खाली घेतली. ट्राइलोचा चेहरा त्याच्या सिंहांपेक्षा पांढरा पडला. "सगळ्यात वरचं होतं ते," तो म्हणाला. "मी त्या दुकानदाराला विचारलं, ह्याच्या वर काही आहे का. तो म्हणाला, नाही."

"तुम्ही त्याला एवढंच विचारलंत. ते माझ्या पेटीला जुळेल का, ते विचारलं नाहीत."

टेबलाच्या पलीकडून स्तामेना आजी खाकरली. गावातली सगळ्यात म्हातारी, पोमानाच्या रीतींत तिचा शब्द शेवटचा. दात नसल्यामुळे गहू ती चघळत बसली होती. "परत करता येत नाही, हे खरं," ती म्हणाली. "पण बदलता येतं. जोडे लहान झाले तर बदलून देतात. माझ्या सासऱ्याला तिकडे घट्ट जोडे गेले होते, वर्षभर माझ्या स्वप्नात येऊन लंगडायचे. बदलले तेव्हा थांबले. पोरी, तुला ह्याच्या बदल्यात काय हवं ते माग. आणि ट्राइलो, ती मागेल ते दे. लंगडत जायचंय का तुला?"

"माग," ट्राइलो नाइलाजाने म्हणाला. त्याला वाटलं असावं, आता ही ह्याहून मोठं काही मागणार, आणि त्या विचाराने त्याची छाती जराशी पुन्हा फुगली.

"पंखा द्या," दोकिया म्हणाली.

"काय?"

"पंखा. पेटीवर वारा घालायला. माझं कार्ड मुकाट आहे, पण त्याला उकडतं."

"पंखा?" ट्राइलोने भोवती बघितलं, कोणी ऐकत तर नाही ना. सगळेच ऐकत होते. "माझ्या आत्म्यासाठी, दोकिया? लोक काय म्हणतील? व्हिएन्नाहून आलेल्या ट्राइलोने आत्म्यासाठी पंखा दिला?"

"द्या, कूम," ती म्हणाली. "तुम्ही जिथे जाणार आहात तिथे दुसरं काही उपयोगाचं नाही."

स्तामेना आजीच्या घशात गहू अडकला, तिची पाठ थोपटायला दोघी उठल्या, आणि त्या थोपटता थोपटता स्वतःच वाकल्या. टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू ओल्या सरपणासारखं धुमसत गेलं आणि मग भडकलं. ट्राइलोची बायको तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून खुर्चीवर डुलत होती. तुतारीवाल्याने तुतारीतच हसायचा प्रयत्न केला, त्याचा भलताच आवाज निघाला.

ट्राइलो हसला नाही. त्याने बायकोकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग कितीतरी वेळ दोकियाकडे. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. तिचे डोळे लाल होते, आणि ते बहुतेक त्याने तेव्हाच पहिल्यांदा बघितले.

"काय गेलं पौनचं?" त्याने हळू विचारलं.

"व्होइकाचं लग्न. बकऱ्याचं."

"हसला होता तो त्यात," ट्राइलो म्हणाला. "मी शेजारी होतो. माझा दंड धरून हसला होता."

दोकियाने मान हलवली.

ट्राइलो उठला. मागे वळला, वायरच्या टोकाशी वाकला, सुटाची शिवण कुठेतरी उसवल्याचा आवाज आला, आणि त्याने मान हलवणाऱ्या पंख्याची पिन काढली. पंखा थांबला. मेणबत्ती पेटवून त्याने तिच्या हातात दिली, आणि दुसऱ्या हातात, उंचीने जवळजवळ तिच्याएवढा, तो पंखा.

"माझ्या आत्म्यासाठी," तो म्हणाला. ह्या वेळी मांडवाला ऐकू जाईल असं नाही.

"बोगदाप्रोस्ते," दोकिया म्हणाली, आणि मेणबत्ती फुंकली नाही, तशीच पेटती स्तामेना आजीच्या हाती दिली, कारण पंखा एका हाताने उचलत नव्हता.

ती गल्लीतून चालत गेली. पंख्याची जाळी तिच्या खांद्यावर, पाय मागे फरपटत, वायरचं वेटोळं मनगटाला. सिंहांच्या फाटकांपुढून गेली, रिकाम्या गच्च्यांखालून गेली. मागे मांडवात बँड सुरू झाला. टेबलाच्या टोकाला ट्राइलोने सुटाचा कोट काढला, कॉलरचं बटण सोडलं आणि गव्हाच्या ताटाखालचं कागदी रुमालांचं पाकीट घेऊन स्वतःला वारा घालत बसला. कोणीतरी म्हणालं, दुसरा पंखा आणू का.

"नको," तो म्हणाला. "दिलाय मी. मला तो तिकडे मिळेल."